खुन लुआंगचं खाणं

थोनबुरी,
९ मे

बुआलोय,

तुझा पत्ता मला कुठून मिळाला, असं तुला वाटेल. तो कित्येक वर्षांपासून माझ्याकडे आहे. आजवर त्याची गरज पडली नव्हती.

ह्यांना गेल्या आठवड्यात झटका आला. सरकारी कारखान्यात बोटीचं इंजिन उघडून बसले होते, तिथेच कलंडले. उजवं अंग गेलंय, जीभ जड झालीय. इस्पितळात मी त्यांच्या उशाशी बसून होते. अंथरुणाला पाठ लावली नाही. शेवटी एकदाचे डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खुन लुआंग." मला वाटलं, कोणी बडा साहेब असेल, ह्यांनी काहीतरी भानगड करून ठेवली असेल. मी विचारलं, "कोण खुन लुआंग?" तेव्हा डाव्या हाताची बोटं पाण्यात वळवळावीत तशी वळवळवून दाखवली. मासा! बाटलीत ठेवलेला एक झुंजीचा मासा, आणि त्याला राजाच्या दरबारातली पदवी. बावीस वर्षं संसार केलेली बायको समोर बसलीय आणि मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाचा पहिला शब्द काय, तर हा.

तेव्हापासून दिवसातून दहादा तेच. तो जेवला का, काय जेवला. डॉक्टर म्हणतात, ह्यांच्या जिवाला त्रास होईल असं काही कानावर घालू नका. म्हणून हे पत्र. मासा मेला तर ती बातमी ह्यांना द्यावी लागेल, आणि पुढे जे होईल ते तुझ्या डोक्यावर.

तो काय खातो ते कळव. इकडे यायचं नाही. वॉर्डातल्या नर्सना मी सांगून ठेवलंय की सानितची बायको एकच आहे आणि ती मी.

प्रयोंग

*

नाखोन चायसी,
१५ मे

पी प्रयोंग यांना वंदन.

तुमचं पत्र पोस्टमननं होडीतूनच फेकलं, ते जिन्यावर पडलं. पाकिटावर बाईचं अक्षर पाहून ते उभ्याउभ्याच फोडलं. गुरुवारी ते यायचे होते. गुरुवार गेला, पुढचा गुरुवार गेला. मला वाटलं, माझ्यावर रुसले. काय चुकलं असेल ते आठवत बसले होते. आणि ते तिकडे असे पडलेले.

मासा जिवंत आहे. पण तुमच्यापासून लपवत नाही, तो खात नाही. बाकीच्या बाटल्यांतले मासे बोट दिसलं की वर येतात. हा मात्र तळाशी जंगली बदामाच्या पानाखाली पडून राहतो. मी डासांच्या अळ्या टाकल्या. एक तोंडात घेतली आणि थुंकली. अक्षरशः थुंकली. मग माझ्याकडे पाठ केली. त्याला त्यांच्या हातचीच सवय. ते बोटाच्या टोकावर एकेक अळी घेऊन पाण्याला टेकवायचे आणि हा उडी मारून घ्यायचा. मला ते कधी करू दिलं नाही. म्हणायचे, "तुझ्या हाताला लसणाचा वास येतो."

त्यांना विचाराल का, काय देऊ? आणि एकदाच, एकदाच मला येऊ द्या. मी आत येणार नाही. खिडकीतून बघेन आणि परत फिरेन. तुम्ही म्हणाल तर तोंडावर फडकं बांधून येईन.

आपली बुआलोय

*

थोनबुरी,
२४ मे

बुआलोय,

मला पी म्हणू नकोस. मी तुझी कुठली थोरली बहीण? एका आईच्या पोटच्या नाही आपण.

खिडकीतून बघणार म्हणे. इस्पितळ म्हणजे जत्रेतला तंबू आहे का?

ह्यांना विचारलं. सांगायला अख्खी संध्याकाळ लागली, घाम फुटला त्यांना, पण डोळ्यांत अशी चमक आली की मला तिथून उठावंसं वाटलं. ऐक, ते म्हणाले तसं लिहिते. एकच खाणं रोज दिलं की त्याचं मन उडतं. रोज बदलायचं. एक दिवस अळ्या, दुसऱ्या दिवशी डबक्यातल्या लाल पिसवा, पुढे झिंग्याचा तुकडा, डोळ्याएवढा, त्याहून मोठा नको, त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढंच असतं. मग एक दिवस पूर्ण उपास. उपासाच्या दुसऱ्या दिवशी चिखलातले लाल किडे. उरलेलं लगेच काढून घ्यायचं, पाणी नासतं. आणि तरीही खाल्लं नाही, तर त्याच्या आणि शेजारच्या बाटलीच्या मधला पुठ्ठा क्षणभर बाजूला करायचा. दुसरा नर दिसला की अंग फुलवतो, चिडतो, आणि चिडला की खातो.

हे सगळं सांगून झाल्यावर दमून झोपले. मी त्यांच्या तोंडाची लाळ पुसली. तुला हेही माहीत असलेलं बरं. तुझ्या वाट्याला बोटाच्या टोकावरच्या अळ्या आल्या, माझ्या वाट्याला हे.

प्रयोंग

*

नाखोन चायसी,
३ जून

प्रयोंगबाई,

खाल्लं! त्यांना आधी हे सांगा, बाकीचं पत्र नंतर वाचा.

पहिल्या दिवशी पिसवा दिल्या. देवळामागच्या डबक्यात गुडघाभर उतरून फडक्यानं गाळल्या. पोरं काठावरून ओरडत होती, "बुआलोयमावशी शेवाळाचं कालवण करणार!" खुन लुआंगनं पाहिलं, जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी झिंगा. वास घेतल्यासारखं केलं आणि निघून गेला. मग उपास घातला. मीही उपास केला, का कोण जाणे. सकाळी पुठ्ठा सरकवला. शेजारच्या निळ्याला बघताच असा फुलला, कल्ले ताठ, शेपटी पंख्यासारखी, लालभडक! मी पुठ्ठा परत लावला आणि लाल किडा टाकला. पाण्याला टेकायच्या आत गिळला. मग दुसरा. तिसऱ्याला मी बोट बुडवलं. राखेनं घासून घासून धुतलं होतं. बोटावरून घेतला त्यानं.

मी एकटीच घरात मोठ्यानं हसले. मग रडू आलं.

येत्या उपोसथाच्या पवित्र दिवशी मी तिकडच्या देवळात दिवा लावायला येणार आहे. इस्पितळात येणार नाही, शब्द देते. फक्त त्याच गावात असेन.

त्यांना सांगा, मी उठल्याबरोबर आधी त्याचं करते, मग माझी चूल.

बुआलोय

*

थोनबुरी,
२ जुलै

बुआलोय,

उत्तराला उशीर झाला. घरात कामं होती, माणसं होती. माझी खाणावळही बरेच दिवस बंद होती, आता उघडली.

तू उपोसथाला आली नाहीस हे ठीक केलंस. पाऊसच एवढा होता की होड्या बंद होत्या असं ऐकलं. पुढेही येऊ नकोस.

हे बरे आहेत. त्रास नाही काही.

माशाला आता शिजवलेला भात घाल आणि डुकराच्या चरबीचे तुकडे. पोटभर. तीन वेळा. असं म्हणाले.

प्रयोंग

*

नाखोन चायसी,
८ जुलै

प्रयोंगबाई,

तुमचं पत्र आलं आणि मी जिन्यातच बसून राहिले. महिनाभर रोज होडीचा आवाज झाला की धावत होते. बरे आहेत वाचलं आणि हात जोडले.

पण भात? मी एकदा भाताची दोन शितं बाटलीत टाकली होती, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर फटका मारला होता. म्हणाले होते, "हा काय बदक आहे?" चरबी तर घरात दिसली तरी बाटल्यांवर फडकं टाकायचे. तरी तुमच्या पत्रात होतं, त्यांचा शब्द होता, म्हणून मी घातलं. भाताला तो शिवला नाही. चरबी खाल्ली. अधाशासारखी खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट टम्म फुगलं, खवले उभे राहिले, एका कुशीवर पडला. मी पाणी बदललं, चिमूटभर मीठ घातलं, नवीन पान घातलं. अजून कुशीवरच आहे. श्वासाला वर येताना धडपडतो.

मला खरं सांगा. त्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना? जीभ अडते म्हणून तुम्हाला ऐकण्यात काही चूक झाली का? का त्यांना विस्मरण झालंय? माशाचं खाणं विसरणारा माणूस नाही तो. स्वतःचं नाव विसरतील एक वेळ.

मी रविवारी येते. मला मारा, हाकला, पण मी येते.

बुआलोय

*

थोनबुरी,
११ जुलै

बुआलोय,

हे पत्र होडीवाल्याच्या हाती खास पाठवते आहे. येऊ नकोस.

ऐकण्यात माझीच चूक झाली. त्या दिवशी खाणावळीत गर्दी होती आणि मी अर्ध्या कानानं ऐकलं. आता नीट विचारून लिहिते. दोन दिवस काहीही देऊ नकोस. पाणी उथळ ठेव, म्हणजे वर यायला त्याला कष्ट पडणार नाहीत. मग पिसवा, अगदी थोड्या, त्यानं पोट साफ होतं. सूज उतरली की पुन्हा पहिल्यासारखं बदलून बदलून.

डॉक्टर म्हणतात, आता कुठे नाडी सुधारतेय. तुला दारात पाहून जर पुन्हा झटका आला, तर तूच मारलंस असं होईल. पुढे बोलण्यासारखं उरणार नाही.

तुझं आधीचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. तू पाण्यात उतरून पिसवा गाळल्यास, तू उपास केलास, ते सगळं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बुआलोयच्या हाताला यश आहे. ती आहे म्हणून मी निश्चिंत पडलोय." हे शब्द त्यांचे आहेत. मला लिहायला आवडलं असं समजू नकोस.

प्रयोंग

*

नाखोन चायसी,
२० जुलै

प्रयोंगबाई,

तुम्ही थोर मनाच्या आहात. मी तुमच्याबद्दल इतकी वर्षं किती वाईटसाईट मनात आणलं, त्याची मला लाज वाटते. दुसरी कोणी असती तर ते वाक्य गिळून बसली असती. तुम्ही ते जसंच्या तसं लिहून पाठवलंत.

नऊ वर्षांत त्यांनी मला असं काही म्हटलं नव्हतं. चांगले होते, पण बोलायचे नाहीत. ते वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की डोळे मिटले तरी तुमचं अक्षर दिसतं.

खुन लुआंग बरा आहे. सूज उतरली. काल त्यानं पाण्यावर फेसाचं घरटं बांधलं, म्हणजे जिवात जीव आला. मी त्यांच्यासाठी वेताची एक लांब खुर्ची करून घेतलीय, पाय पसरून बसता येईल अशी. पाण्याकडच्या ओट्यावर ठेवलीय. एका हातानं बाटलीपर्यंत पोचता येईल एवढ्या उंचीचं फळकूट मी स्वतः ठोकलंय. अंगठा चेचला, पण सरळ बसलंय. बरे झाले की हवापालट म्हणून थोडे दिवस पाठवाल ना? तुम्हीही या सोबत. माझ्या घरात तुमचा पाय लागला तर मी तो धुऊन पुसेन.

त्यांना आणखी काय करायला हवंय ते सांगा. काहीही सांगा.

आपली बुआलोय

*

थोनबुरी,
२८ जुलै

बुआलोय,

काहीही सांगा म्हणतेस, तर सांगते. ह्यांचं म्हणणं, त्याच्या अंगावरचा लाल रंग उतरता कामा नये. त्यासाठी तांबड्या मुंग्यांची अंडी द्यायची. आंब्याच्या झाडावर पानं शिवून घरटी करतात त्या मुंग्या. बाजारातली विकतची नको, शिळी असतात. तू स्वतः झाडावरून काढायचीस, सकाळी, ताजी. रोज.

प्रयोंग

*

नाखोन चायसी,
५ ऑगस्ट

प्रयोंगबाई,

अक्षर वेडंवाकडं आलंय, माफ करा. डाव्या हातानं लिहितेय, उजव्याची मूठ मिटत नाही.

घरटं बांबूनं पाडायला गेले तर ते फुटून माझ्या डोक्यावरच आलं. केसांत, पाठीत, कानात मुंग्या. अंगावरच्या कपड्यानिशी कालव्यात उडी घेतली. शेजारीण ओरडत आली, "अगं, माशासाठी मरतेस का काय?" मी म्हटलं, "माशासाठी नव्हे." दुसऱ्या दिवशी हाताला राख फासून गेले, तरी चावल्याच. एक पापणी सुजून मिटलीय. ताप आला होता, उतरला.

पण अंडी त्याला आवडली. तांदळासारखी पांढरी, मऊ. बोटावरून घेतो, एक झालं की दुसऱ्याची वाट बघतो. रंग खरंच चढलाय, त्यांना सांगा. रोज जमेल असं वाटत नाही, एक दिवसाआड चालेल का विचारा. नाही म्हणाले तर रोज करीन.

बुआलोय

*

थोनबुरी,
१२ ऑगस्ट

बुआलोय,

तुझं पत्र वाचून दाखवलं. तू कालव्यात उडी घेतलीस तिथे हे हसले. मोठ्यानं हसले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच. म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं, पुन्हा हसले.

एक दिवसाआड चालणार नाही म्हणतात. रोज.

प्रयोंग

*

नाखोन चायसी,
३० ऑगस्ट

पी प्रयोंग,

पी म्हणू नकोस असं तुम्ही लिहिलं होतं. मी म्हणणार आहे.

काल चेमकाका आले. होडीतून फिरून झुंजीचे मासे घेतात-विकतात ते, तुम्ही त्यांना पाहिलंय. सगळा पावसाळा ते उत्तरेत लेकीकडे होते. माझा चेहरा पाहून म्हणाले, "हे काय, मधमाश्यांचं पोळं फोडायला गेली होतीस?" मी म्हटलं, "मुंग्यांची अंडी. खुन लुआंगला. त्यांनी सांगितलंय."

"कुणी?"

"त्यांनीच."

 काकांनी हातातली बाटली खाली ठेवली. "बुआलोय," म्हणाले, "जूनमध्ये मी उत्तरेला जायच्या आदल्या दिवशी सानितला अग्नी दिला. मी होतो तिथे. मी त्याच्या चितेवर फूल ठेवलं. तू नव्हतीस, मला वाटलं तुला येऊ दिलं नसेल. तुला माहीतच नाही?"

मी म्हटलं, "काका, माणूस चुकला असेल तुमचा." ते म्हणाले, "सतरा वर्षं मी त्याला मासे विकले."

माझा विश्वास बसला नाही. तुमची पत्रं माझ्याकडे होती ना. मी तशीच होडी पकडली आणि थोनबुरीला आले. कालच, दुपारी. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मी तुमच्या खाणावळीत येऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसले. समोर भिंतीवर त्यांचा फोटो होता. सरकारी टोपी घातलेला, तरुणपणचा, खाली तारखा आणि चमेलीचा गजरा. गजरा ताजा होता.

तुम्हीच माझ्यापुढे ताटली ठेवलीत. भात आणि नारळाच्या दुधातलं हिरवं कालवण. मी एक घास घेतला आणि मला हुंदका फुटला. तुम्ही परत आलात. "तिखट लागलं का गं?" म्हणालात. मी मान हलवली. तुम्ही साखरेचं पाणी आणून दिलंत, माझ्या सुजलेल्या हाताकडे पाहिलंत आणि म्हणालात, "काय झालं हाताला? नवरा मारतो का?" मी म्हटलं, "मुंग्या चावल्या." तेव्हा तुमचा हात पेल्यावरच थांबला. मी वर पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मग आतून कोणीतरी हाक मारली आणि तुम्ही गेलात. तुम्ही ओळखलंत का, मला माहीत नाही. मी ताटली संपवली. शेवटचं शीतही ठेवलं नाही. पैसे बाकावर ठेवून निघाले.

जून. म्हणजे भात आणि चरबीचं पत्र आलं तेव्हा ते गेलेले होते. हाताला यश आहे म्हणाले ते गेल्यावर. हसले तेही गेल्यावर.

मी एवढंच विचारते. का?

मासा कसा आहे ते तुम्हाला कळवायची मला सवय लागलीय, म्हणून लिहिते. रात्री घरी आले, त्याला काही घातलं नाही. सकाळीही नाही. तो वर आला, बोटाची वाट पाहिली, मी बसून बघत राहिले. दुपारी मी जेवता जेवता शिळ्या भाताचं एक शीत बाटलीत टाकलं, मुद्दाम. खाल्लं त्यानं. दुसरंही खाल्लं. चार महिने मी त्याच्या आवडीनिवडीसाठी डबक्यात उतरले, झाडावर चढले. सगळे नखरे पोट भरलेलं होतं तोवरचे होते.

संध्याकाळी मी त्याला चेमकाकांच्या हवाली केलं. काका म्हणाले, "हा झुंजीसाठी तयार नाही, पोरी. घरात लाडानं वाढलेला आहे. पहिल्याच खेळात फाडतील त्याला." मी म्हटलं, "न्या."

बुआलोय

*

थोनबुरी,
४ सप्टेंबर

बुआलोय,

ओळखलं. मुंग्या म्हणालीस तेव्हाच. मागच्या दारी जाऊन उभी राहिले होते. परत आले तर ताटली रिकामी आणि तू नव्हतीस.

का विचारतेस. सांगते.

दर गुरुवारी हे कपडे बदलायचे, केसांना तेल लावायचे. मी विचारायचे, "कुठे?" म्हणायचे, "माशांना खायला घालायला." नऊ वर्षं. शुक्रवारी यायचे, कधी रविवारी. माझा भाऊ गेला त्या दिवशीही माशांना खायला घालायला गेले होते. माझं गर्भाशय काढलं त्या दिवशीही. लोक विचारायचे, सानित कुठाय, आणि मी खाणावळीच्या दारात उभी राहून सगळ्यांसमोर सांगायचे, "माशांना खायला घालायला गेलेत." लोक तोंड फिरवून हसायचे. मी वाढत राहायचे.

ते गेले त्या रात्री तुला कळवायला मी कागद घेतला होता. बुआलोय, एवढं लिहिलं. पुढे वाटलं, ही रडत येईल, चितेपाशी पडेल, आणि सगळा गाव हिला धरायला धावेल. मला कोणी धरणार नाही, कारण मी रडत नाही, मी भिक्खूंना वाढत असते. म्हणून कागद फाडला. मग वाटलं, मी एवढी वर्षं थांबले तशी हीही थोडी थांबू दे. माशाला खायला घालू दे. सुरुवातीला एवढंच होतं. पुढे तुझी पत्रं यायला लागली. वेताची खुर्ची, चेचलेला अंगठा. वाचायची मला चटक लागली. दिवसभर कालवण ढवळताना मनात जुळवायचे, आता हिला काय करायला लावू.

त्या मुंग्यांच्या अंड्यांचं मला बाजारातल्या मासेवाल्यानं सांगितलं. चावतात हेही सांगितलं.

क्षमा मागायला हे लिहीत नाहीये. तू विचारलंस, मी सांगितलं. अस्थी पाकनामला पाण्यात सोडल्या. सगळ्या. मागू नकोस.

प्रयोंग

*

थोनबुरी,
१७ सप्टेंबर

बुआलोय,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच होते. तरी हे पत्र टाकते आहे, कारण दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही.

पुढच्या आठवड्यात ह्यांच्या शंभराव्या दिवसाचं पुण्यकर्म आहे. मोठे भन्ते काल म्हणाले, "गेलेल्याला जे मनापासून आवडायचं ते त्या दिवशी दानात वाढा, त्याला पोचतं. सानितला काय आवडायचं?" पाच-पंचवीस माणसं बसली होती. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून काही निघेना.

माझ्या हातचं खायला धक्क्यावर बोटी थांबतात. पलीकडच्या काठावरून माणसं डबे पाठवतात. आणि घरात बावीस वर्षं हे ताटावर बसले की दोन घास घ्यायचे, ताट सरकवायचे. "भूक नाही." मी कालवणं बदलली. आंबट केलं, गोड केलं, तिखट कमी केलं, बदक, ईल मासा, आईच्या पद्धतीची आमटी. काढे दिले, वैद्य केले. "नाही गं, पोटच लहान आहे माझं," म्हणायचे. मी तेच खरं धरलं.

तुझ्याकडे ते जेवायचे. मला माहीत आहे, कारण तिकडून आले की पट्टा एका भोकानं सैल केलेला असायचा.

काय करायचीस तू त्यांच्यासाठी? पदार्थाचं नाव लिही. आत काय घालायचीस, कोणत्या क्रमानं, तेही लिही. मी तसंच्या तसं करीन. हे मी तुझ्या पाया पडून विचारते आहे असं समज.

प्रयोंग

*

नाखोन चायसी,
२१ सप्टेंबर

पी प्रयोंग,

ठरावीक असं काही नव्हतं. माझ्याकडे जे असेल ते खायचे. शिळा भात, खारवलेला मासा, खाली लागलेली भाजी. कढई बोटानं पुसून खायचे आणि आणखी आहे का विचारायचे.

क्रम काय लिहू? स्वयंपाक मला कधीच धड जमला नाही.

बुआलोय